तापाची उतरती रेघ

प्रूफं आली त्या दिवशी डॉक्टर केसरीनाथ तरे यांना खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण सकाळपासून गुडघे धरले होते, दवाखान्याबाहेरच्या बाकावर तापाची माणसं एकमेकांना टेकून बसली होती, आणि आनंद करायला थोडी सवड लागते, ती काही हाताशी नव्हती. त्यांनी मोबाइलवर फाइल उघडली, छापील अक्षरांतलं स्वतःचं नाव पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मोबाइल पालथा घालून म्हणाले, "सुरैया, पुढचा पाठव."

सुरैया त्यांची कंपाउंडर. दवाखाना उघडला तेव्हापासून ती होती. केस पांढरे झाले, चष्मा लागला, तरी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"आलं वाटतं तुमचं तापाचं पुस्तक?"

"पुस्तक नाही, प्रूफ. छापायच्या आधी चुका बघायला पाठवतात."

"म्हणजे अजून चुका आहेत? मग वर्षभर काय तपासत बसले होते ते लोक?"

"असतात ग काही काही," डॉक्टर म्हणाले.

सुरैया ज्याला तापाचं पुस्तक म्हणायची ते एक इंग्रजी जर्नल होतं. साथीच्या रोगांवर लक्ष कसं ठेवावं आणि त्यांना आवर कसा घालावा, एवढाच त्याचा विषय. नाव इतकं लांबलचक की पोस्टमनसुद्धा ते अर्ध्यावर सोडून द्यायचा. डॉक्टर तरुणपणी त्याचे वर्गणीदार झाले आणि मग ती वर्गणी कधी सुटली नाही. आता सगळं कॉम्प्युटरवर वाचायला मिळतं, तरी ते छापील अंकच मागवत. दोन पेशंटच्या मधे एखादं पान वाचत. कुठल्या तरी लांबच्या देशात कुणी विहिरी तपासल्या, कुणी उंदीर मोजले, कुणी शाळेतल्या गैरहजर पोरांवरून साथ ओळखली, हे वाचताना त्यांना वाटे, ही माणसं किती हुशार. आपण रखडत डॉक्टर झालेला माणूस, आपल्याला यातलं काय जमणार. तरी दोनदा त्यांनी संपादकांना पत्र पाठवलं होतं. दोन्ही वेळा आभारासह नकार आला. दोन्ही नकार त्यांना रास्त वाटले.

आणि मग त्यांना लूमची गोष्ट सुचली.

दवाखाना भिवंडीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत होता. दोन्ही बाजूंना कारखाने, सकाळ-संध्याकाळ तोच खटखटाट. नवा माणूस आला की ओरडून बोलायचा. जुन्यांना तो आवाज ऐकूच येत नसे. डॉक्टर गमतीने म्हणत, लाइट जाते तेव्हाच मला पेशंटची छाती नीट ऐकू येते. तर या गल्लीत कामगाराला ताप आला की तो डॉक्टरकडे येत नाही. पहिल्यांदा त्याचा लूम उभा राहतो. उभा म्हणजे बंद. मग तो गोळी घेऊन खोलीवर पडतो, आणि अगदीच झेपेनासं झालं की दवाखान्यात येतो. म्हणजे गल्लीत ताप शिरल्याचं डॉक्टरच्या आधी लूमला कळतं. इतकी साधी गोष्ट, पण अशी कुणी लिहिलेली त्यांनी त्या जर्नलमध्ये वाचली नव्हती.

सुरैया रोज सकाळी कारखान्यांच्या मुकादमांना फोन लावू लागली. सूत नाही म्हणून नाही, मंदी म्हणून नाही, माणूस तापाने पडला म्हणून आज किती लूम उभे? एका बाजूला दोन-तीन लूम उभे दिसले की डॉक्टर पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका सेवा मंडळाला कळवत. त्यांच्याकडे धुराचं यंत्र होतं. मंडळाची पोरं येत, धूर सोडत, पिंपांतलं पाणी ओतत, डासांच्या अळ्या दाखवून लोकांना लाजवत. एका पावसाळ्यात हे सुरू झालं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत उभ्या लूमची रेघ, डोंगरावरून पायवाट उतरावी तशी खाली आली. त्यांची पुतणी मृणाली कल्याणच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिने आलेख काढला, आकडेमोड केली, इंग्रजी घासूनपुसून नीट केलं. लेखाला दोन नावं लागली. पहिलं काकांचं, दुसरं तिचं. जर्नलच्या तपासनिसांनी लिहिलं होतं की ही पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे आणि इतर शहरांनी उचलावी अशी आहे. ते वाक्य डॉक्टरांना पाठ होतं, पण त्यांनी ते कुणाला म्हणून दाखवलं नव्हतं.

दाखवायचं काम प्रितेशने केलं. प्रितेश म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. कशेळीला घरची शेती होती तिथे आता गोदामं उभी होती, आणि त्यांचं भाडं गोळा करणं, नाक्यावर बॅनर लावणं हे त्याचे दोन उद्योग.

"काका, आंतरराष्ट्रीय का काय ते हाय ना तुमचं मासिक?"

"त्रैमासिक."

"त्याच्याहून भारी! फोटो द्या एक. नाक्यावर लावतो. नगरसेवकाच्या वाढदिवसाचे बघून लोकं कंटाळलेत."

डॉक्टरांनी फोटो दिला नाही. प्रितेशने तो लग्नाच्या अल्बममधून काढून घेतला.

तर प्रूफं आली त्या दुपारी एक कामगार भुवई फुटून आला. आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडून लागला होता. लूमवर हे नेहमीचंच. सोबत मुकादमाची चिठ्ठी होती: ताबिश, मोहिउद्दीनसेठचा कारखाना. डॉक्टरांनी जखम धुतली, सुई लावली, आणि पहिला टाका घालताना थांबले. ताबिश याच आठवड्यात ताप घेऊन येऊन गेला होता. कबुतरांबद्दल बोलणारा पोरगा. गावाकडे कबुतरं सोडून आलोय, त्यांना आता कोण दाणे घालत असेल, हेच विचारत होता. त्याला रक्त तपासून यायला सांगितलं होतं. तो परत आला नव्हता. आला नाही म्हणजे बरा झाला असेल, असं डॉक्टरांनी धरलं होतं.

"तू ताबिश नाहीस," ते म्हणाले.

माणसाने सुरैयाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"जी, मैं रामू. उसकी बदली में हूँ. लूम पे नाम उसी का चल रहा है."

"आणि तो?"

"कमरे पे है साहब. अब ठीक है. बुखार तो कल ही उतर गया. बस सोता रहता है."

"खातो का? पानी पीता है?"

"उलटी कर देता है. पेट पकड़ के पड़ा है. लेकिन बुखार बिल्कुल नहीं है, बदन एकदम ठंडा."

डॉक्टरांनी दुसरा टाका घातला, गाठ मारली, पट्टी लावली. हात नेहमीसारखे चालले. मग ते टेबलाला धरून उठले.

"सुरैया, बाहेरच्यांना बसव. कुणाला उलटी होत असेल तर मीठ-साखरेचं पाणी दे."

"तुम्ही कुठे निघालात? गुडघे बघा."

"जाऊन येतो."

डेंग्यूत ताप चढतो तेव्हा माणूस घाबरतो आणि उतरला की निश्चिंत होतो. घात व्हायचा तो बहुतेक त्यानंतरच. अंगातलं पाणी नसांमधून झिरपून जातं, हातपाय गार पडतात आणि घरचे म्हणतात, चला, उतरला एकदाचा. हे डॉक्टरांनी पेशंटना इतक्या वेळा सांगितलं होतं की सांगताना आता त्यांचं लक्षही नसे.

मोहिउद्दीनचा कारखाना चार दारं सोडून होता. आत लूम धडधडत होते. एकही उभा नव्हता. डॉक्टरांनी रांगेवर नजर टाकली आणि पहिल्यांदाच त्यांचं लक्ष लूमवरून माणसांच्या तोंडावर गेलं. यातले किती आपल्या नावाचे आणि किती दुसऱ्याच्या, हे त्यांना सांगता आलं नसतं.

माळ्यावर जायला लोखंडी शिडी होती. रामू पुढे, डॉक्टर मागे, एकेका पायरीवर श्वास घेत. वर पत्र्याखाली माणसं पाळीपाळीने झोपायची. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गोधडीत शिरायचा. ताबिश भिंतीकडे तोंड करून पडला होता. अंग गार, चिकट. नाडी सुताच्या झिजलेल्या धाग्यासारखी, आता तुटेल की मग अशी.

"ताबिश. इकडे बघ. कबुतरं कुठे आहेत?"

त्याने डोळे उघडले, पण उत्तर दिलं नाही.

खाली येऊन डॉक्टरांनी मोहिउद्दीनला हाक मारली. दोघे एका शाळेत, एका बाकावर होते, त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो नव्हतं.

"गाडी काढ. आत्ताच्या आत्ता ठाण्याला. मी हॉस्पिटलला फोन करतो."

"अरे, पण ताप तर उतरलाय त्याचा, मला मुकादम म्हणाला..."

"मोहिद्दीन, गाडी काढ."

मोहिउद्दीनने ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर आला, दोघा-तिघांनी ताबिशला शिडीवरून गोणीसारखं खाली उतरवलं, रामू त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला. गाडी गल्लीतून निघाली. तेवढ्यात दोन लूम उभे राहिले होते, ते मुकादमाने लगेच चालू करायला लावले. डॉक्टर कापडाच्या ताग्यांवर बसले. मोहिउद्दीनने चहा मागवला.

"किती आहेत असे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसे?"

"बदली."

मोहिउद्दीनने दाढी खाजवली. "आज? माझ्याकडे तीन-चार असतील. बाकीच्यांकडचं मला काय माहीत. असतीलच."

"आणि सकाळी सुरैयाला सांगतोस, एकही लूम उभा नाही."

"मग नव्हताच! खोटं बोललो का? सगळे चालू होते."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझा तो धूर आला तेव्हापासून." मोहिउद्दीनने आवाज खाली आणला, म्हणजे लूमच्या वर जाईल एवढाच ठेवला. "केसरी, रागावू नकोस. तुझी पोरं धूर सोडतात ना, त्यात डिझेल असतं. ते बसतं कच्च्या कापडावर. माल घेणाऱ्या पार्टीने तागे परत पाठवले, वास येतो, डाग आहेत म्हणून. एकदा झालं, दोनदा झालं. मग गल्लीतले सगळे बसले आणि ठरलं, तापापायी लूम उभा ठेवायचा नाही. माणूस पडला तर बदली चढवायचा. लूम उभा नाही तर धूर नाही."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? तू दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी इथे येऊन बसायचास आणि म्हणायचास, मोहिद्दीन, रेघ उतरली, अजून उतरली. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही तुझं असं तोंड मी पाहिलं नव्हतं. सांगायला कुणाचं मन झालं असतं?"

"शाळेत माझा पहिला नंबर कधी आलाच नाही."

"तेच म्हणतोय मी."

चहा आला. डॉक्टरांनी तो घेतला. बशी लूमच्या धक्क्यांनी थरथरत होती.

"आणि हे बघ," मोहिउद्दीन म्हणाला, "बदली काय मी वाईट म्हणून ठेवतो? ताबिशची जागा राहते. त्याच्या नावावर लूम चालतो, बरा झाला की तो परत चढतो. नाहीतर पडलेल्या माणसाची जागा कुणी राखून ठेवतं का? तू फक्त उभे लूम विचारलेस, केसरी. आडवी माणसं विचारली असतीस तर सांगितलं असतं."

डॉक्टरांना या बोलण्याचा राग यायला हवा होता, पण तो आला नाही. कारण त्यांना त्या वेळी लेखातलं एक वाक्य आठवत होतं. उभ्या लूमची रेघ उतरली होती, पण दवाखान्यात येणारा ताप काही त्या मानाने उतरला नव्हता. मृणालीने विचारलं होतं, काका, हे कसं मांडायचं? आणि त्यांनीच तिला सांगितलं होतं की लोकांमध्ये जागृती वाढली म्हणून ते आता लवकर डॉक्टरकडे येतात, असं लिही. किती सहज सुचलं होतं ते वाक्य. सकाळपासून बाकावर एकमेकांना टेकून बसलेली सगळी माणसं त्या एका वाक्यात मावली होती.

संध्याकाळी मृणाली कशेळीला डॉक्टरांच्या घरी आली, पेढ्यांचा पुडा घेऊनच. प्रूफं सोमवारपर्यंत परत करायची होती. जानकीबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, तो पुडा देवापुढे ठेवला.

"आता तरी हसा जरा. पोरगी एवढ्या लांबून आली हाय."

डॉक्टरांनी मृणालीला सगळं सांगितलं. ताबिश, बदली, धूर, तागे. सांगताना ते पुन्हा पुन्हा थांबत होते, जणू एखादं वाक्य वेगळं मांडलं तर गोष्टही वेगळी निघेल.

मृणालीने लॅपटॉप उघडला आणि मिटला.

"एक कारखाना आहे, काका. एका कारखान्यावरून सगळं खोटं ठरत नाही."

"गल्लीतले सगळे बसून ठरवलंय म्हणाला."

"तो म्हणाला. आपल्याकडे पुरावा काय?"

"माळ्यावर चढलो की मिळेल."

"मग शेवटी एक परिच्छेद घालू. अभ्यासाच्या मर्यादा. सगळेच घालतात. कामगारांच्या बदलीमुळे काही प्रमाणात नोंद कमी झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बस. तपासनिसांना चालेल."

डॉक्टरांनी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. चांगलं होतं. घालावं असंही वाटलं. त्यांनी मोबाइलवर ते पान उघडलं, बोटाने रेघ मोठी करून बघितली. शीर्षकातच शब्द होता, नियंत्रण. परिच्छेद कुठेही घातला तरी शीर्षक त्याच्या वरच राहणार होतं.

"रेघ तापाची नाहीच, मृणाली. ताप आला की लूम थांबायचा, तोपर्यंत ती तापाची होती. आपण धूर पाठवला आणि ती आपल्या धुराची झाली. लोक धुराला किती घाबरले, एवढंच आपण मोजलंय."

"तपासनिसांनी पकडलं नाही. संपादकांनी पकडलं नाही."

"त्यांनी गल्ली पाहिलेली नाही. मी रोज बघतो."

मृणाली उठून खिडकीशी गेली. बाहेर गोदामांच्या रस्त्यावर कंटेनरची रांग थांबली होती.

"पुढच्या महिन्यात माझी मुलाखत आहे, काका. मी अर्जात हा लेख लिहिलाय. छपाईच्या वाटेवर म्हणून." मग ती वळली. "खरं सांगू? तुम्हाला छापून आलेलं सहनच होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचलंत, आता स्वतःचं नाव दिसायला लागलं तर घाबरलात. म्हणून कारण शोधताय."

"मृणाली, मोठ्यांशी असं बोलत न्हाय," जानकीबाई म्हणाल्या.

"बोलू दे तिला."

कारण ते खरंही असेल, असं डॉक्टरांना वाटलं. सकाळी नाव पाहून मोबाइल पालथा घातला तो काय फक्त पेशंटसाठी? आपण भित्रे आहोत हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. आता हा भित्रेपणा बोलतोय की खरेपणा, हे ओळखायचं काही साधन त्यांच्याकडे नव्हतं. मृणाली पेढा न खाता गेली.

रविवारचा दिवस त्यांनी गल्लीत घालवला. चार कारखान्यांत गेले. एका ठिकाणी मुकादमाने वर जाऊ दिलं नाही. बाकीच्या ठिकाणी पत्र्याखाली माणसं होती. कुणी तापाने फणफणलेलं, कुणी उठून बसलेलं. एकाने तर खाली चालणारा लूम बोटाने दाखवून सांगितलं, तो मी आहे. डॉक्टरांनी औषधं दिली, दोघांना रक्त तपासायला पाठवलं. शेवटच्या शिडीवरून उतरताना गुडघ्याने दगा दिला, ते खालच्या पायरीवर बसले. तिथे त्यांना मालेगाव आठवलं. इचलकरंजी आठवली. तिथेही असेच लूम आहेत. तिथला कुणी भला डॉक्टर हा लेख वाचेल. इतर शहरांनी उचलावी अशी पद्धत. सकाळी फोन लावायला एक बाई ठेवेल, धूर सोडेल आणि रेघ उतरली की समाधानाने घरी जाऊन जेवेल. त्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर कोण पडलंय हे त्याला कोण सांगणार? आणि त्याने विश्वास ठेवला असेल तो केसरीनाथ तरे या नावावर.

मग ते भित्रेपण असो नाही तर आणखी काही, त्याचा उलगडा व्हायची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

सोमवारी दवाखान्यात बसून त्यांनी संपादकांना लिहिलं. लेख मागे घेतो, कारण तो चुकीचा आहे. का चुकीचा आहे तेही लिहिलं. चूक सर्वस्वी माझी, सहलेखिकेने मी दिलेल्या आकड्यांवर विसंबून काम केलं, असंही लिहिलं. पाठवण्याआधी ते तीनदा वाचलं. तीनदा इंग्रजी खटकलं. आजवर मृणाली ते नीट करून द्यायची.

"सुरैया, जरा बघ ग, हे गेलं का?"

तिने चष्मा वर करून बघितलं. "गेलं." मग म्हणाली, "आता छापणार नाहीत?"

"नाही."

"मी मात्र रोज फोन लावले हो. एक दिवस चुकवला नाही."

"तुझं काही चुकलं नाही."

"मुकादम हसायचे फोनवर. मला वाटायचं, माणसं किती खुशीत आहेत." ती गोळ्यांची बरणी पुसू लागली. पुसलेलीच बरणी तिने पुन्हा पुसली.

संपादकांचं उत्तर दोन ओळींचं आलं. लेख वगळला आहे, प्रामाणिकपणाबद्दल आभार. नव्याने काही पाठवल्यास ते नेहमीच्या पद्धतीने तपासलं जाईल. हाही नकार डॉक्टरांना रास्तच वाटला. मृणालीची मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला मिळाली. लेख असता तर मिळाली असती की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे त्या दोघांत बोलायला काही राहिलं नाही. ती दिवाळीला आली, पाया पडली आणि लवकर गेली.

प्रितेशचा बॅनर मात्र लागला. ऑर्डर आधीच गेली होती. नाक्यावर डॉक्टरांचा लग्नातला, फेटा बांधलेला फोटो, खाली 'थोर शास्त्रज्ञ', आणि त्याहून मोठ्या अक्षरात शुभेच्छुकाचं नाव, प्रितेश.

"उतरव रे तो. लेख आलाच नाही."

"आला न्हाय आला, लोकं काय वाचायला जाणारेत काका? राहू द्या. गणपतीत जागा लागंल, तेव्हा निघंल."

डॉक्टर रोज रिक्षातून त्या फोटोखालून जात आणि त्या बाजूला बघत नसत.

ताबिश वाचला. हॉस्पिटलमधून आला तो काटकुळा होऊन, पंधरवडाभर भिंतीला धरून चालला, आणि मग आपल्या लूमवर चढला. जागा त्याची होती, कारण तिच्यावर त्याचंच नाव चालत राहिलं होतं. रामू दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेला. डॉक्टरांनी धूर बंद करायला लावला, पिंपं झाकायला जाळ्या वाटल्या. सुरैयाने मुकादमांना नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली, आज बदली किती? पहिल्या आठवड्यात आकडे आले. दुसऱ्या आठवड्यात सगळे म्हणू लागले, एकही नाही. तेव्हा डॉक्टरांनी फोन बंद करायला सांगितलं. शुक्रवारी गल्ली शांत असते, त्या दिवशी ते स्वतः शिड्या चढू लागले. एका शुक्रवारी दोन माळे, कधी तीन. त्यापुढे गुडघे ऐकत नाहीत. त्यातून काही आलेख निघण्यासारखा नव्हता.

थंडीत जर्नलचा अंक आला. सुरैयाने प्लॅस्टिक फाडून तो टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी अनुक्रमणिका वाचली. त्यांच्या लेखाच्या जागी दुसराच लेख होता. कुठल्या तरी बंदराच्या शहरातला, गोदीतल्या हमालांमधल्या तापाबद्दलचा. भाषा सुरेख होती, आकडे नीटनेटके. हे लोक किती हुशार, असं त्यांना सवयीने वाटलं. मग पान उलटलं, तर तिथे आलेख होता. रेघ वरून खाली उतरली होती, कुठेही न अडखळता.

डॉक्टरांनी पेन्सिल घेतली आणि रेघेच्या टोकाशी एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. आपण कोण विचारणारे, असं वाटून ते खोडलं. कागदावर पुसट खूण राहिली. थोड्या वेळाने त्यांनी तिच्यावरूनच ते पुन्हा काढलं, जरा ठळक.

"सुरैया," ते म्हणाले, "बाहेर किती आहेत?"

"बरेच आहेत."

"पाठव. आणि त्यांना सांग, ताप उतरलेले आधी."